शिंकेचा फाटा

माणसं खोटं बोलतात, कागद खोटं बोलतात, आरसासुद्धा डाव्याचं उजवं करतो. भिंत मात्र कधीही खोटं बोलत नाही.

हे वाक्य कलासंग्रहालयाच्या चौथ्या दालनाबाहेर पितळी पाटीवर कोरलेलं होतं. गेली तीस वर्षं माणसं ते वाचत होती आणि आपोआप आवाज खाली आणून, इस्पितळात शिरावं तशी आत शिरत होती. पितळी पाटीच्या शेजारी पिवळ्या प्लॅस्टिकची एक पाटी उभी असे: 'फरशी ओली आहे. जपून चाला.' दोन पाट्यांपैकी जास्त खरी कोणती, हा प्रश्न अजून कुणाला पडला नव्हता.

आत काही नव्हतं. म्हणजे एक लाकडी बाक होतं, कमरेच्या उंचीवर ताणलेली करडी दोरी होती, आणि दोरीपलीकडे पांढरी भिंत. भिंतीला एक भेग होती. छताच्या हातभर खालून निघालेली, आधी सरळ, मग उजवीकडे कललेली, आणि छातीच्या उंचीवर येऊन दोन फाटे फुटलेली. कलाकृती ती हीच. बाजूच्या चौकटीत तिचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, खाली कलावंतबाईंची सही: 'या भिंतीला भेग आहे. ती वाढते. मोजणाऱ्याखेरीज तिला कुणीही हात लावू नये. दर वर्षी एकदा मोजावी आणि आढळेल ते लिहावं.'

मोजणाऱ्याला सगळं संग्रहालय फूटपट्टी म्हणायचं. त्याच्या तोंडावरही म्हणायचं, आणि त्याची हरकत नव्हती, कारण नाव योग्य होतं. हा माणूस चहा 'जरासा' मागत नसे, 'पाऊण कप' मागत असे. लग्न ठरत होतं तेव्हा वडिलांनी त्याची उंची पाच फूट सहा सांगितली, तर हा मुलीकडच्या मंडळींसमोर म्हणाला, "पाच फूट साडेपाच इंच. सहा बुटांसकट." मुलीने लगेच होकार दिला. पुढे ती म्हणायची, "मला वाटलं, एवढा खरं बोलणारा माणूस मिळायचा नाही. नंतर कळलं, एवढं खरं ऐकायला किती कान लागतात ते."

तर असा हा माणूस गेली अकरा वर्षं धडधडीत खोटं लिहीत होता. तेसुद्धा शाईने, मोजणीवहीत, मिलिमीटरमध्ये.

त्याचं असं झालं. नोकरीची पहिली आठ वर्षं सगळं रीतसर चाललं होतं. वर्षातून एकदा तो शिडीवर चढायचा, भेगेवर ट्रेसिंग कागद धरून ती जशीच्या तशी उतरवून घ्यायचा, पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा घेऊन एकेक पट्टी भेगेत सरकवून रुंदी बघायचा, भिंगातून टोक शोधायचा आणि वहीत लिहायचा. मग कलावंतबाईंना दोन ओळींचं पत्र जायचं: 'यंदाची वाढ एकवीस मिलिमीटर. बाकी क्षेम.' बाई स्वतः उद्‌घाटनानंतर कधी परतल्या नव्हत्या. समीक्षक त्याला 'अनुपस्थितीचं व्रत' म्हणत. त्यावर एक परिसंवादही झाला होता, आणि त्यालाही बाई आल्या नव्हत्या.

नवव्या वर्षी दालनं दुरुस्तीसाठी पंधरा दिवस बंद होती आणि फूटपट्टी पाठदुखीने घरी आडवा होता. संचालिकाबाईंच्या खोलीचा गिलावा करायला गवंडी हवा होता. तो त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. म्हणजे निघाला कसला, फूटपट्टीनेच त्याचं नाव सुचवलं होतं. मेहुणा हाताचा सरळ, कामाचा चोख, आणि भावोजींवर त्याचा जीव. गिलावा आटोपून जाता जाता त्याला चौथ्या दालनात ही भेग दिसली. दोरी सोडून ठेवलेली, पाटी कागदाने झाकलेली. त्याच्या मनाला ते लागलं. आपल्या भावोजींच्या संग्रहालयात भिंत फुटकी? त्याने एकाही पैशाची अपेक्षा न धरता दोन डबे पुट्टी दाबून भरली, घासली, वर रंगाचे दोन हात दिले, आणि घरी जाऊन ताईला सांगितलं, "भावोजींना म्हणावं, तुमची चार नंबरची भिंत आरशासारखी केली. त्यांनी नुसतं बघत राहावं."

भावोजी खरोखर नुसते बघत राहिले. दालन दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. तक्रार करावी तर मेहुण्यावर कलाकृती नष्ट केल्याचा खटला आणि बायकोचं तोंड आयुष्यभर दुसऱ्या दिशेला. आपलेच दात, आपलेच ओठ. फूटपट्टीने दुपारभर विचार केला. मग कपाटातून गेल्या वर्षीचा ट्रेसिंग कागद काढला, टाचणीने रेषेवर भोकं पाडली, कागद भिंतीवर धरून वरून कोळशाची पूड थोपटली, आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून तीन केसांच्या ब्रशने भेग पुन्हा काढली. काळ्या शाईत थोडा मातकट रंग, एका कडेला पुसट सावली. दोरीपासून बघणाऱ्याला फरक कळला नसता. शेजारच्या कर्मचारी स्वच्छतागृहातल्या बेसिनमध्ये त्याने ब्रश धुतला. तिथला नळ नेहमीसारखाच करंगळीएवढा चालत होता, त्यामुळे ब्रश धुवायला खोटं बोलायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला.

तेव्हापासून दर वर्षी मोजणीच्या दिवशी तो ब्रश घेऊन दोरीपलीकडे जायचा आणि भेग मोजण्याऐवजी वाढवायचा. कधी अठरा मिलिमीटर, कधी बावीस. हात जड पडू नये एवढंच तो बघायचा. सातएक वर्षांपूर्वी ऐन टोकाशी असताना त्याला शिंक आली आणि ब्रश डावीकडे सटकला. पुसायला जावं तर भिंतीचा रंग निघायचा. त्याने देवाचं नाव घेतलं आणि तिथे फाटा केला. पुढच्या वर्षी एका विद्वानांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. 'निर्णयाच्या उंबरठ्यावर द्विधा झालेलं आधुनिक मन' हा त्यातला सगळ्यात सोपा वाक्यांश. आणखी तीन वर्षांनी दाढ दुखत होती म्हणून तो दोरीपलीकडे गेलाच नाही आणि वाढ शून्य लिहिली. त्याला 'मौनाचं वर्ष' म्हणून मान्यता मिळाली. दाढ नंतर काढली. तिच्याबद्दल कुणी लिहिलं नाही.

त्याला हसू येत नसे, हेच खरं दुखणं होतं. दर शुक्रवारी एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर यायचे, तासभर बाकावर बसायचे. एकदा फूटपट्टीने विचारलं, "दर शुक्रवारी तेच बघून कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "बायको गेल्यापासून सगळे म्हणतात, होईल ठीक, भरून येईल. ही एकच गोष्ट अशी आहे की जी म्हणते, नाही भरत, वाढतं." फूटपट्टी त्यांच्या शेजारी बसला. आपण काढलेल्या रेषेकडे बघता बघता त्याच्या अंगावर काटा आला, आणि काटा खरा होता. खोट्या रेषेने खरा काटा आणावा, हे त्याच्या हिशोबात कुठल्याच मापाने बसेना. त्या दिवसापासून तो भिंतीकडे जवळून बघायचंच टाळू लागला. मोजणीच्या दिवशीसुद्धा नजर फक्त टोकापुरती, बाकीच्या रेषेला दुरून नमस्कार.

आणि आता कलावंतबाई येणार होत्या.

कलाकृतीला तीस वर्षं होणार म्हणून संचालिकाबाईंनी पत्र पाठवलं होतं. नकार गृहीत धरून पाठवलं होतं, आणि होकार आला. मंगळवारी अकरा वाजता समारंभ. निमंत्रणपत्रिकेत शेवटी ठळक अक्षरांत होतं: 'तिसावी मोजणी कलावंताच्या स्वहस्ते.'

"म्हणजे काय करणार त्या?" फूटपट्टीने विचारलं.

"तुमची ती पट्टी घेणार आणि सगळ्यांसमोर भेगेत घालणार," संचालिकाबाई म्हणाल्या. "केवढा क्षण असेल! तुम्ही शेजारी वही घेऊन उभे राहायचं. चेहरा असा करू नका हो, तुम्हाला पण शाल द्यायचं ठरलंय."

रंगवलेल्या भेगेत पोलादी पट्टी जात नाही. रेषेवर टेकते आणि टक असा आवाज येतो. पुढचे चार दिवस फूटपट्टीला तो टक जेवताना, दात घासताना, बसमध्ये, सगळीकडे ऐकू येत होता. नोकरी जाणार, त्याचं एवढं नव्हतं. दोन वर्षांनी तशीही जायचीच होती. पण तो टक झाल्यावर दालनातली सगळी माणसं वळून त्याच्याकडे बघणार होती, आणि त्यांत बाकावरचे पोस्टमास्तर असणार होते. त्यांना तो काय सांगणार होता? वाढत नाही, मीच वाढवतो?

"सांगून टाका," बायको म्हणाली. अकरा वर्षं ती हेच म्हणत होती. "माझ्या भावाला वाचवायला तुम्ही खोटं बोललात, ते मी डोक्यावर घेतलं. पण त्याची पण काही मुदत असते की नाही?"

मेहुण्याला हे पटलं नाही. "ताई, तू गप बस. भावोजी, सोमवारी बंद असतं ना तुमचं? मी येतो छिन्नी घेऊन. दोन तासांत खरी भेग पाडून देतो. तुमच्या रेषेवरून केसभर हलणार नाही. मी बुजवली, मीच उकरतो."

बुडत्याला काडी काय आणि छिन्नी काय. फूटपट्टीने हो म्हटलं.

सोमवारी दुपारी दालनात ऊन आडवं आलं होतं. बाहेर सफाईच्या मावशी फडकं पिळत होत्या. "दादा, मी सांगून सांगून थकले," त्या म्हणाल्या, "त्या भिंतीच्या पायाशी रोज ओल येते. कुणी ऐकतंय का? संचालिकाबाई म्हणतात, असू दे, वातावरण आहे." फूटपट्टीनेही ऐकलं नाही. त्याने दोरी सोडली, शिडी लावली. मेहुण्याने पिशवीतून छिन्नी, हातोडी आणि खाली पसरायला जुनी चादर काढली, बाही वर सारली आणि वर चढून छिन्नी रेषेवर टेकवली.

"थांब," फूटपट्टी म्हणाला.

"आता काय?"

"नको."

"भावोजी, उद्या अकराला..."

"रेघ काढली तेव्हा फक्त भिंत खोटी झाली. आता छिन्नीने खरी भेग पाडली तर ती भेगसुद्धा खोटी. उतर खाली. मी बाईंना आजच गाठतो आणि सगळं सांगतो. हॉटेलचं नाव आहे माझ्याकडे."

"तुमचं डोकं ना..." असं म्हणत मेहुणा उतरू लागला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मोजणीवाले तुम्हीच का?"

दारात एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, पायात कापडी बूट, खांद्याला भाजीची वाटावी अशी पिशवी. कलावंतबाईंचे सगळे फोटो तीस वर्षांपूर्वीचे, त्यामुळे ओळखायला क्षणभर लागला. त्या शिडीवरच्या माणसाकडे बघत होत्या. हातोडी त्याच्या हातात होती.

"नाही बाई," मेहुणा गडबडून म्हणाला, "मोजणारे ते. मी बुजवणारा."

झाकली मूठ अशी उघडली. फूटपट्टीची पाचावर धारण बसली, पण आता मागे जायला वाट नव्हती. त्याने सांगायला सुरुवात केली आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही. पाठदुखी, पुट्टीचे दोन डबे, टाचणीची भोकं, तीन केसांचा ब्रश, अठरा मिलिमीटर, बावीस मिलिमीटर, दाढ, शिंक. शिंकेपाशी बाईंनी तोंडावर हात धरला. त्या रडतायत की काय, म्हणून तो आणखी घाबरला.

"अकरा वर्षं?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी खरी होती बाई. मी स्वतः आठ वर्षं पट्टी घालून बघितली आहे. आईशप्पथ."

"मी पण सांगतो," मेहुणा म्हणाला. "दोन डबे पुट्टी उगाच नाही खाल्ली तिने. चांगली बोटभर खोल होती."

बाई बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "हे कसं शक्य आहे? ती भेग मी काढली होती."

मेहुणा शिडीच्या उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आला.

"संग्रहालय नवं कोरं होतं. प्रमाणपत्र टाइप करून तयार, पाहुणे संध्याकाळी सहाला येणार, आणि अख्ख्या इमारतीत मला एक भेग मिळेना. सगळ्या भिंती करकरीत. चार वाजता मी या दालनात आले, पेन्सिल काढली आणि ओढली. ठरवून नाही हो. इथे भिंत किंचित काळपट वाटत होती, हात तसा तसा गेला. संध्याकाळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी जी पळाले, ती पळालेच. म्हटलं, वर्षभरात कुणीतरी पुसणार, गाजावाजा होणार, संपलं." त्या जरा हसल्या. "तर वर्षाने पत्र आलं. 'यंदाची वाढ चोवीस मिलिमीटर.' मी ते पत्र हातात धरून अशी बसले! दर वर्षी पत्र. मला वाटायचं, तिथे माझ्यापेक्षा मोठा कलावंत बसलाय कुणीतरी, आणि तो मला कोपरखळ्या मारतोय. लाजेने पाऊल उचलवेना. या वर्षी म्हटलं, मरण्याआधी त्याचे पाय धरावेत आणि खरं सांगून टाकावं. म्हणून एक दिवस आधी आले."

"पहिली अकरा वर्षं माझ्याआधीचे मोजणीवाले होते," फूटपट्टी म्हणाला. मोठेपण नाकारतानाही तो आकडा नीट द्यायचा. "त्यांनी काय केलं, माहीत नाही. पण मला मिळाली तेव्हा खरी होती."

"म्हणजे मी काढली खोटी, झाली खरी."

"हो."

"यांनी बुजवली. तुम्ही काढली खोटी."

"हो."

बाई उठल्या. "ती पट्टी आणलीय?"

फूटपट्टीच्या खिशात जुडगा होता. खिशाबाहेर तो कधी नसेच. त्याने सगळ्यात पातळ पट्टी काढून दिली. उद्याचा टक आज होणार, एवढाच विचार त्याच्या मनात आला, आणि बरंही वाटलं, कारण आज ऐकायला तिघंच होते. बाईंनी छातीच्या उंचीवर, फाट्याच्या जरा वर, पट्टी टेकवली.

टक झालं नाही.

पट्टी आत गेली. सहज, लोण्यात सुरी जावी तशी, बाईंच्या बोटाला भिंत लागेपर्यंत. त्यांनी ती सोडली, तर ती तिथेच राहिली, भिंतीतून बाहेर आलेल्या जिभेसारखी, अगदी किंचित थरथरत.

फूटपट्टी पुढे झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने भिंतीला नाक लावलं. भिंगातून बघितलं. त्याने काढलेल्या रेषेच्या बरोब्बर मधून, शाईचे दोन काठ दोन्हीकडे सारखे ठेवून, भिंत उघडली होती. ब्रश टेकवला होता तिथपासून उचलला होता तिथपर्यंत. जिथे त्याचा हात गेला होता तिथे ती गेली होती. त्याला पुढे बघवेना, पण नजर आपोआप खाली सरकली, फाट्यापाशी. शिंकेच्या फाट्यापाशी. तो फाटा कुठल्या मनाचा नव्हता, कुठल्या भिंतीचा नव्हता, तो निव्वळ त्याच्या नाकाचा होता. तोही उघडला होता. दुसरी पट्टी त्याने स्वतः घातली. दोन्ही हातांनी घातली. तीही गेली. आणि उजवी रेघ जिथे संपत होती, जिथे गेल्या वर्षी त्याने ब्रश उचलला होता, त्याच्याही पुढे भेग चार बोटं गेली होती. बिनशाईची. एकटीच.

"वाढली," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "बाई, वाढली. मी नाही वाढवली. वाढली."

बाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. ऊन भिंतीवरून हातभर सरकलं असेल. आयुष्यभर मोजण्याशिवाय काही न केलेला माणूस मोजायचं विसरून उभा होता. त्याला वाटत होतं, आपण लिहिलेलं सगळं कुणीतरी आतल्या बाजूने वाचत होतं, ओळ न ओळ, चुकांसकट, आणि नुसतं वाचत नव्हतं, पाळत होतं. खोटं बोलायला घाबरावं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण खोट्यावर कुणी एवढा विश्वास ठेवला तर काय करावं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मेहुण्याने मात्र एव्हाना भिंतीवर बोटांची पेरं वाजवून बघितली होती. "ही माझी पुट्टी नाही फुटलेली," तो जरा दुखावून म्हणाला. "माझी अशी फुटत नाही. हे आतून आलंय. भावोजी, इथे ओल..."

"गप रे," फूटपट्टी म्हणाला.

"अहो, पण ओल..."

"श्शू," बाई म्हणाल्या.

मग बाईंनी पट्टी हळूच बाहेर काढली. तिच्या टोकाला पाण्याचा एक थेंब होता. उन्हात तो लखलखला, लांबट झाला, आणि फरशीवर पडला. बाईंनी डोळे मिटले. मेहुण्यानेही, कुणी सांगितलं नसताना, डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

"काय लिहू?" फूटपट्टीने विचारलं.

"प्रमाणपत्रात काय म्हटलंय?"

"आढळेल ते लिहावं."

"मग लिहा."

त्याने बाकावर बसून वही उघडली आणि अकरा वर्षांतली पहिली खरी नोंद केली. एक मीटर एकतीस. रुंदी पाऊण मिलिमीटर. मागच्या पानांना त्याने हात लावला नाही. फक्त शिंकेच्या वर्षापुढे कंसात 'शिंक' एवढं लिहिलं. बाईंनी तिथे सही केली.

मंगळवारचा समारंभ लोक अजून आठवतात. पट्टी आत गेली तेव्हा दालनात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि पट्टी बाहेर आल्यावर टोकावरचा थेंब बघून तर कुणाला श्वास घ्यायचंही सुचेना. बाईंनी सगळं सांगितलं, पेन्सिलपासून, फूटपट्टीने ब्रशपासून. हशा होईल अशी त्याची तयारी होती. हशा झाला नाही. विद्वान पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "शिंकसुद्धा?" आणि खुर्चीवर बसून घाम पुसत राहिले. संचालिकाबाईंनी दोन्ही शाली बाईंनाच दिल्या आणि चूक लक्षात येऊनही काही बोलल्या नाहीत. पोस्टमास्तर दोरीपाशी आले, फूटपट्टीच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि म्हणाले, "म्हणजे खरंच वाढत होती तर." फूटपट्टीने हो म्हटलं, आणि ते पहिल्यांदाच खरं होतं. बुधवारी माणसांची रांग फाटकाबाहेर गेली. भिंत पाझरते, ही बातमी तोपर्यंत सगळीकडे झाली होती.

गुरुवारी पाणी दालनाबाहेर आलं, तेव्हा सफाईच्या मावशींनी कुणालाही न विचारता प्लंबर बोलावला. तो आला, भिंतीला कान लावला, पलीकडच्या स्वच्छतागृहात कुणाला तरी फ्लश ओढायला सांगितलं, आणि भेगेवरून बोट फिरवत वरून खाली आला.

"वरच्या टाकीची लाइन आहे ही," तो म्हणाला. "लोखंडी पाइप. गंजला की फुगतो, फुगला की गिलावा फाडतो. हा सरळ जातो तो फ्लशला. आणि इथे हा फाटा दिसतोय ना, तो बेसिनचा."